राष्ट्रपतींची सही आणि गावचा पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामसभेत, सेवा सोसायटीत, जिनिंगच्या फाटकावर थांबलेल्या गाड्यांच्या रांगेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "वरून आदेश आला." हा वर म्हणजे नेमका कोण, हे कळलं नाही की अर्ज चुकीच्या दारात जातो आणि वर्ष निघून जातं. विदर्भातल्या कास्तकारांचे, सरपंचांचे आणि ग्रामपंचायत सदस्यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

देशाच्या पैशाचे निर्णय राष्ट्रपती स्वतः घेतात का?

नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७४ प्रमाणे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागतात. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच पुन्हा आला तर मान्य करावा लागतो. पण म्हणून त्यांची सही शोभेची ठरत नाही. दरवर्षीचा अर्थसंकल्प अनुच्छेद ११२ प्रमाणे राष्ट्रपतींच्या वतीनंच संसदेपुढे ठेवला जातो, त्यांच्या शिफारशीशिवाय अनुदानाची एकही मागणी लोकसभेत मांडता येत नाही आणि धन विधेयक त्यांना फेरविचारासाठी परत पाठवता येत नाही. निर्णय मंत्रिमंडळाचा असतो, पण सहीशिवाय तो कायदेशीर ठरत नाही.

आणखी एक घोळ बातम्यांमुळे होतो. अमेरिकेच्या प्रमुखाला मराठीत राष्ट्राध्यक्ष म्हणतात. ते तिथलं सरकार स्वतः चालवतात, स्वतःच्या अधिकारात आदेश काढतात. आपले राष्ट्रपती तसे नाहीत. "अध्यक्षांनी आयात शुल्क वाढवलं" ही बातमी वाचली की आधी देश कुठला ते पाहावं. त्या आदेशांचा आपल्या कापसाशी काय संबंध आला, ते पुढे सांगितलं आहे.

शासन निर्णयाच्या (जीआरच्या) शेवटी "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" असं का लिहितात? राज्यपालांनी तो पाहिलेला असतो का?

बहुतेक वेळा नाही. केंद्राचा सगळा कारभार राष्ट्रपतींच्या नावानं (अनुच्छेद ७७) आणि राज्याचा राज्यपालांच्या नावानं (अनुच्छेद १६६) चालतो. म्हणून त्या ओळीखाली सही असते ती उपसचिवाची, अवर सचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची. तुमच्या कामाच्या ओळी इतरत्र असतात. वरच्या कोपऱ्यात विभागाचं नाव, क्रमांक आणि तारीख. त्याखाली "वाचा" किंवा "संदर्भ" म्हणून जुन्या निर्णयांची यादी. मजकुरात लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातून खर्ची पडणार ते. आणि शेवटच्या परिच्छेदात संगणक संकेतांक. अर्जात क्रमांक, तारीख आणि संकेतांक लिहिले की "असा जीआरच नाही" असं सांगण्याची सोय उरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या कागदावर संकेतांक नसेल, तर शासनाच्या संकेतस्थळावर शोधून पाहिल्याशिवाय त्याच्या भरवशावर कुठंही पैसे भरू नका.

वटहुकूम, अधिसूचना, राष्ट्रपतींचा आदेश आणि जीआर यांत फरक काय?

वटहुकूम म्हणजे संसद बसलेली नसताना राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं काढलेला तात्पुरता कायदा (अनुच्छेद १२३). अधिसूचना म्हणजे आधीच असलेल्या कायद्यानं सरकारला दिलेला अधिकार वापरून राजपत्रात छापलेला निर्णय. त्याला नवा कायदा लागत नाही. राष्ट्रपतींचा आदेश घटनेतल्या एखाद्या अनुच्छेदाखाली थेट निघतो, जसा अनुसूचित क्षेत्र ठरवणारा किंवा वित्त आयोग नेमणारा. जीआर हा राज्य सरकारचा प्रशासकीय निर्णय. कायद्याच्या किंवा अधिसूचनेच्या विरुद्ध जाणारा जीआर टिकत नाही.

पैशाच्या बाबतीत सर्वांत वेगवान आणि सर्वांत कमी चर्चेची असते ती अधिसूचना. लोकांचं लक्ष वटहुकमाकडे असतं, पण कापसाचा, डाळींचा, खाद्यतेलाचा भाव हलतो तो बहुतेकदा सीमाशुल्काच्या एका पानी अधिसूचनेनं.

वटहुकूम किती दिवस चालतो? तो बदलला तर आपल्या व्यवहाराचं काय होतं?

संसद पुन्हा बसल्यापासून सहा आठवडे. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, म्हणून जास्तीत जास्त मुदत सहा महिने आणि सहा आठवडे. तेवढ्यात संसदेनं कायदा केला नाही, तर तो आपोआप संपतो.

वटहुकमानं देशाचं अर्थकारण कायमचं बदलल्याची उदाहरणं आहेत. १९ जुलै १९६९ रोजी हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या सहीनं १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९७० मध्ये तो कायदा रद्द ठरवला आणि चारच दिवसांत नवा वटहुकूम निघाला. २६ सप्टेंबर १९७५ च्या वटहुकमानं ग्रामीण बँका जन्माला आल्या. पहिल्या बँका २ ऑक्टोबरला सुरू झाल्या. बाजाराच्या गावात जी ग्रामीण बँक आहे, तिचं मूळ तिथं आहे. तिच्या भांडवलात केंद्राचे ५०, पुरस्कर्त्या बँकेचे ३५ आणि राज्याचे १५ टक्के असतात. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. ते मात्र वटहुकमानं नव्हे, १९७६ च्या कायद्याखालच्या अधिसूचनेनं झालं. अशा विलीनीकरणानंतर पासबुक आणि आयएफएससी कोड तपासून घ्या. जुना कोड कुठल्या नोंदीत राहिला की अनुदान परत जातं आणि कास्तकाराला कारणच कळत नाही.

उलटी उदाहरणंही आहेत. भूसंपादनाचा वटहुकूम ३१ डिसेंबर २०१४ ला निघाला, एप्रिल आणि मे २०१५ मध्ये पुन्हा काढला गेला आणि ३१ ऑगस्टला संपू दिला गेला. शेतमाल व्यापाराचे तीन वटहुकूम ५ जून २०२० चे. सप्टेंबरात त्यांचे कायदे झाले, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि ३० नोव्हेंबर २०२१ ला राष्ट्रपतींच्या सहीनं ते रद्द झाले. एवढ्या दीड वर्षात बाजार समितीबाहेर माल विकताना ज्यांनी लेखी सौदा आणि काटापट्टी ठेवली नाही, त्यांच्या हाती दाद मागायला कागदच नव्हता. म्हणून वटहुकमाच्या काळात केलेल्या प्रत्येक व्यवहाराचा कागद जपावा. कायदा बदलला तरी पैसे मागण्याचा तोच पुरावा असतो.

एकच वटहुकूम पुन्हापुन्हा काढत राहणं घटनेला धरून नाही, हे न्यायालयापुढे आणलं पुण्याच्या गोखले संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी. बिहारनं असे २५६ वटहुकूम वर्षानुवर्षं जिवंत ठेवल्याचं त्यांनी मोजून दाखवलं. १९८६ चा तो निकाल आजही आधार म्हणून वापरला जातो.

नोटाबंदी राष्ट्रपतींच्या आदेशानं झाली होती का?

नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ची ती रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६(२) खालची केंद्र सरकारची अधिसूचना होती. राष्ट्रपतींचा वटहुकूम आला तो ३० डिसेंबर २०१६ ला, जुन्या नोटांवरचं दायित्व संपवण्यासाठी. सर्वोच्च न्यायालयानं २ जानेवारी २०२३ रोजी ४ विरुद्ध १ मतानं अधिसूचना वैध ठरवली. न्यायमूर्ती नागरत्ना यांचं वेगळं मत असं होतं की हे काम कायद्यानंच व्हायला हवं होतं.

गावाला जो फटका बसला तो आणखी वेगळ्या कागदानं. १४ नोव्हेंबरच्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानं जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. ज्यांचं खातं फक्त जिल्हा बँकेत होतं ते ऐन रब्बीत अडकले. म्हणून आमचा सल्ला साधा आहे: जिल्हा बँकेसोबत राष्ट्रीयीकृत किंवा ग्रामीण बँकेत एक खातं ठेवाच.

वित्त आयोग कोण नेमतं आणि त्याचा आमच्या ग्रामपंचायतीशी संबंध काय?

नेमणुकांनी धोरण कसं घडतं, याचं हे सर्वांत ठळक उदाहरण. अनुच्छेद २८० प्रमाणे राष्ट्रपती दर पाच वर्षांनी किंवा त्याआधी वित्त आयोग नेमतात: एक अध्यक्ष, चार सदस्य. केंद्रानं गोळा केलेल्या करांतला किती वाटा राज्यांना जाईल आणि राज्याराज्यांत तो कसा वाटायचा, हे आयोग सुचवतो. चौदाव्या आयोगानं (अध्यक्ष वाय. व्ही. रेड्डी) ४२ टक्के सुचवले, पंधराव्यानं (अध्यक्ष एन. के. सिंह) ४१. अरविंद पानगढिया यांच्या अध्यक्षतेखालचा सोळावा आयोग ३१ डिसेंबर २०२३ ला नेमला गेला. त्यानं नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्रपतींना अहवाल दिला. त्याचा काळ २०२६-२७ ते २०३०-३१.

आयोगात कोण आहे इतकंच महत्त्व आहे त्याला दिलेल्या कार्यकक्षेला. पंधराव्या आयोगाला १९७१ ऐवजी २०११ ची लोकसंख्या धरायला सांगितलं, तेवढ्या एका ओळीनं राज्यांचे वाटे हलले. त्या आयोगाच्या सूत्रात राज्याच्या उत्पन्नातल्या तफावतीला ४५ टक्के, लोकसंख्येला १५, क्षेत्रफळाला १५, लोकसंख्या-नियंत्रणातल्या कामगिरीला १२.५, वन आणि पर्यावरणाला १० आणि करवसुलीच्या प्रयत्नाला २.५ टक्के वजन होतं. महाराष्ट्राचा वाटा निघाला ६.३१७ टक्के.

इथं विदर्भानं थांबून विचार करावा असं काही आहे. वनाचं १० टक्के वजन राज्याला मिळतं ते गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाटच्या जंगलाच्या बळावरही. पण करवाटपाचा पैसा बंधनरहित असतो. तो राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि जंगल ज्या जिल्ह्यात आहे तिथंच तो खर्च करा, असं सांगणारी एकही ओळ त्या सूत्रात नाही. ती मागणी मुंबईत, राज्याच्या अर्थसंकल्पात करावी लागते. दिल्लीला निवेदन पाठवून तिथं काही होत नाही.

ग्रामपंचायतीचा पैसा वेगळा. तो आयोगानं सुचवलेल्या स्थानिक संस्थांच्या अनुदानातून येतो. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशभरच्या ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचवले होते. त्यातले ६० टक्के बंधित: निम्मे स्वच्छतेला, निम्मे पिण्याच्या पाण्याला. उरलेले ४० टक्के अबंधित, पण पगार आणि आस्थापनेवर ते खर्च करता येत नाहीत. हिशोब असा: पंचायतीला वर्षाला १० लाख आले, तर ३ लाख नाली, शौचालय, घनकचऱ्यासाठी, ३ लाख पाण्यासाठी आणि ४ लाख गावानं ठरवलेल्या कामासाठी. बंधित पैशातून सिमेंट रस्ता केला की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. वसुली सरपंच आणि सचिवावर निघते, आणि ठेकेदाराला कोणी विचारत नाही.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या पैशाला सोळाव्या आयोगाच्या काळाचं परिपत्रक लागतं. जुनं प्रमाण धरून आराखडा करू नका.

आमच्या पंचायतीचा वित्त आयोगाचा हप्ता आला नाही. अडतं कुठं?

साखळी अशी: केंद्राचं वित्त मंत्रालय, राज्याची तिजोरी, ग्रामविकास विभाग, मग पंचायतीचं खातं. पंधराव्या आयोगाच्या नियमाप्रमाणे राज्यानं पैसा हाती आल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत पुढे द्यायचा असतो. उशीर झाला तर व्याजासह. तपासताना खालून वर जा, कारण निम्म्याहून जास्त वेळा अडचण गावातच सापडते.

१. ई-ग्रामस्वराजवर (पंचायतींच्या आराखड्याचं आणि हिशोबाचं सरकारी संकेतस्थळ) चालू वर्षाचा विकास आराखडा चढवला आहे का? ग्रामसभेचा ठराव झाला, फोटो काढले, पण आराखडा चढवलाच नाही, हे फार होतं.

२. मागच्या वर्षाचे हिशोब ऑनलाइन बंद केले आहेत का? मार्चची शेवटची नोंद उघडी राहिली तर पुढचं वर्ष सुरूच होत नाही.

३. सरपंच आणि ग्रामसेवकाची (आता ग्रामपंचायत अधिकारी) डिजिटल सही चालू आहे का? ती साधारण दोन वर्षांसाठी असते. सरपंच बदलला, अधिकाऱ्याची बदली झाली, की नवी सही नोंदवावी लागते. तोवर खात्यात पैसा असूनही एक रुपया निघत नाही.

४. पुरवठादाराचं नाव आणि खातं नोंदीशी जुळतं का? न जुळल्यास पेमेंट परत येतं आणि रोकड वहीत मात्र खर्च दिसतो. पंचायतीत जाऊन नमुना ५ ची रोकड वही आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी ठेवून तारखा लावा. परत आलेली रक्कम तिथं लगेच डोळ्यात भरते.

५. पंचायतीवर प्रशासक आहे का? निवडून आलेलं मंडळ नसेल तर त्या काळाचं अनुदान मिळत नाही. निवडणुका लांबल्या की गावाचं नुकसान रुपयांत होतं, आणि ते नंतर भरून निघेलच असं नाही.

हे पाचही ठीक असेल तरच पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेकडे चौकशी करा. अट राज्याच्या पातळीवरही असते: राज्यपालांनी अनुच्छेद २४३-आय खाली राज्य वित्त आयोग नेमून त्याच्या शिफारशींवरचा कृती अहवाल विधिमंडळात मांडणं ही केंद्राची अट आहे. राज्यानं ती चुकवली तर पंचायतीनं सगळं बरोबर करूनही हप्ता अडतो. अशा वेळी आमदारांनी विधानसभेत विचारावं. ग्रामसेवकाला घेराव घालून काही साधत नाही.

अनुच्छेद ३७१(२) आणि विदर्भाचा अनुशेष: राष्ट्रपतींच्या आदेशानं काय मिळालं?

१९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला विकासात न्याय्य वाटा देण्याचं वचन होतं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं ते अनुच्छेद ३७१(२) मध्ये आलं. त्यात राष्ट्रपती आदेशाद्वारे राज्यपालांवर तीन गोष्टींची विशेष जबाबदारी टाकू शकतात: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वेगळी विकास मंडळं, विकासखर्चाचं न्याय्य वाटप, आणि तंत्रशिक्षण व नोकऱ्यांत पुरेशी संधी. तरतूद होती, पण आदेश निघायला १९९४ साल उजाडलं. ९ मार्च १९९४ ला राष्ट्रपतींचा आदेश, ३० एप्रिलला राज्यपालांचा.

दरम्यान वि. म. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, ३,१८६.७८ कोटी रुपये मोजला होता. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के. पुढच्या निर्देशांक व अनुशेष समितीनं १९९४ च्या स्थितीवर तो १४,००६.७७ कोटी मोजला आणि विदर्भाचा वाटा ४७ टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे दहा वर्षांत दरी बुजली नाही, रुंदावली.

खरी ताकद मंडळात नव्हती. मंडळ सल्लागार होतं. ताकद होती राज्यपालांच्या निधीवाटप निर्देशांत: कुठल्या क्षेत्रात कुठल्या विभागाला किती पैसा, हे त्यांनी २००१ पासून लेखी सांगायला सुरुवात केली. आणि तरीही अमरावती विभागातला सिंचनाचा अनुशेष वर्षानुवर्षं रेंगाळला. कारण वाटप म्हणजे खर्च नव्हे. अर्थसंकल्पात नियतव्यय (ठरवून दिलेली रक्कम) दिसतो, पण पैसा बीडीएसवर, म्हणजे राज्याच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, येतो तो तुकड्यातुकड्यानं, बराचसा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तोवर भूसंपादन अडलेलं, वनजमिनीची परवानगी आलेली नाही, उपअभियंत्याचं पद रिकामं. ३१ मार्चच्या रात्री अखर्चित निधी परत जातो आणि पुढच्या वर्षी तोच आकडा पुन्हा "तरतूद" म्हणून छापला जातो.

मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं पुनर्गठनाची विनंती करण्याचा निर्णय घेतला. पुढची किल्ली केंद्राकडे आणि राष्ट्रपतींच्या आदेशाकडे जाते, कारण राज्याला स्वतःच्या अधिकारात अशी मंडळं पुन्हा उभी करता येत नाहीत. ही मागणी करणाऱ्यांनी मंडळासोबत दोन गोष्टी मागाव्यात असं आम्हाला ठामपणे वाटतं: निर्देश पाळले की नाही याचा विभागवार प्रत्यक्ष खर्चाचा तक्ता, आणि रिक्त पदांची यादी. या दोन गोष्टींवाचून मंडळ नागपुरातलं एक कार्यालय होऊन बसेल.

पेसाचं गाव कोण ठरवतं? ५ टक्के निधी कुणाचा?

पेसा म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा. घटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे अनुसूचित क्षेत्र राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरतं. महाराष्ट्राचा आदेश २ डिसेंबर १९८५ चा. विदर्भात चिखलदरा आणि धारणी हे मेळघाटचे तालुके, यवतमाळ आणि चंद्रपूरमधली गावं आणि गडचिरोलीचा मोठा भाग त्यात आहे. यादीत काही तालुके पूर्ण आहेत, बाकी ठिकाणी गावांची नावं आहेत. तालुके नंतर फुटले, राजुऱ्यातून जिवती वेगळा झाला. म्हणून आजच्या तालुक्याच्या नावावर न जाता १९८५ च्या यादीत आपलं महसुली गाव शोधा. जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषद नवं गाव पेसात घालू शकत नाही; त्यांच्याकडे अर्ज देऊन वर्षं घालवू नका.

त्या आदेशावर पुढचा पैसा उभा आहे. राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरल्यानं २०१४-१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के निधी पेसा गावांना थेट मिळतो. तो ग्रामसभा कोषाच्या स्वतंत्र खात्यात जायला हवा आणि त्याचं काम पाड्याच्या ग्रामसभेनं ठरवायचं. चूक होते ती इथं: गट ग्रामपंचायतीत चार पाडे असतात, पैसा मोठ्या गावात अडकतो, ठराव मात्र चारही पाड्यांच्या नावानं होतो. दर पाड्याच्या ग्रामसभेचं वेगळं इतिवृत्त आणि वेगळं पासबुक मागा.

रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर राष्ट्रपती नेमतात ना? व्याजदर कमी झाला की पीककर्ज स्वस्त होतं का?

दोन्हींचं उत्तर "नाही" असंच आहे. गव्हर्नरची नेमणूक रिझर्व्ह बँक कायद्याखाली केंद्र सरकार करतं. निर्णय मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीचा, मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची आणि फेरनेमणूक शक्य. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजानं बँकांना पैसा देते तो दर, सहा जणांची पतधोरण समिती ठरवते: तीन बँकेचे, तीन सरकारनं चार वर्षांसाठी नेमलेले. मतं समान पडली तर गव्हर्नरचं मत निर्णायक. म्हणजे व्याजदरावर सरकारचा प्रभाव पडतो तो हुकमातून नव्हे, माणसं निवडण्यातून.

रेपोचा परिणाम घरकर्जावर, ट्रॅक्टरच्या कर्जावर दिसतो. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर ७ टक्के ठरलेला असतो. वेळेत भरलं तर केंद्राची ३ टक्के सवलत, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेनं उरलेलंही शून्यावर येतं. मुदत एक दिवस चुकली तरी सवलत जाते, म्हणून रेपोच्या बातमीपेक्षा बँकेनं दिलेली तारीख महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या ज्या परिपत्रकाचा कास्तकाराला थेट उपयोग आहे ते असं: १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही. शाखेत गहाणखत मागितलं तर नकार लेखी मागा.

२०२० च्या वटहुकमानंतर सहकारी बँक सुरक्षित झाली का?

देखरेख कडक झाली. २६ जून २०२० चा बँकिंग नियमन दुरुस्ती वटहुकूम सप्टेंबरात कायदा झाला, आणि जिल्हा मध्यवर्ती बँकांना तो १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. गावची सेवा सोसायटी त्यातून वगळलेली आहे. ठेवीचं ५ लाखांपर्यंतचं विमासंरक्षण बँकेला आहे, जिल्हा बँकेलाही. पतसंस्थेच्या किंवा सोसायटीच्या ठेवीला ते नाही. पाटीवर "बँक" हा शब्द आहे की "पतसंस्था", एवढं बघून आयुष्यभराची पुंजी ठेवा.

कापसाच्या भावात दिल्ली आणि वॉशिंग्टनचे आदेश कसे शिरतात?

२०२५ चा हंगाम याचं ताजं उदाहरण. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ६ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानं भारतीय मालावर आणखी २५ टक्के शुल्क लावलं. २७ ऑगस्टपासून ते आधीच्या २५ टक्क्यांवर चढलं. त्यासाठी त्यांनी १९७७ चा आणीबाणी-अधिकारांचा कायदा वापरला. तिकडे कपड्यांची मागणी ढिली पडेल या भीतीनं सूतगिरण्यांनी स्वस्त कापूस मागितला. आपल्या अर्थ मंत्रालयानं एका अधिसूचनेनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून शून्य केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. ते ११ असे होते: ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के कृषी अधिभार आणि या दोन्हींवर १० टक्के समाजकल्याण अधिभार.

यात वटहुकूम नव्हता, संसदेत मतदान नव्हतं. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५ मध्ये सूट देण्याचा अधिकार आधीच आहे. सीतादही (पहिल्या वेचणीची पूजा) होऊन कापूस घरात यायला दसरा-दिवाळी होते, म्हणजे सूट नेमकी आवकेच्या महिन्यांत चालू होती. बाहेरचा भाव पडला की आधार राहतो तो हमीभावाचा: २०२५-२६ साठी लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. सीसीआयकडे (भारतीय कापूस महामंडळ) ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव. पुढे दर टक्क्याला एक टक्का कमी आणि १२ च्या वर खरेदी नाही. १२ टक्के ओलाव्याच्या कापसाला ७,७८५.६० रुपये पडतात. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस दोन दिवस उन्हात पसरून नेला, तर क्विंटलमागे तीनशेच्या आसपास रुपये वाचतात. चुकारा आधारशी जोडलेल्या खात्यात होतो, म्हणून हंगामाआधी बँकेत जाऊन ती जोडणी तपासा.

जीएसटीचे दर राष्ट्रपती बदलतात का?

नाही. जीएसटी परिषद राष्ट्रपतींच्या आदेशानं स्थापन झाली (अनुच्छेद २७९-क, सप्टेंबर २०१६). दर परिषद सुचवते आणि केंद्र-राज्यं अधिसूचनेनं लागू करतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि ठिबक संच १२ वरून ५ टक्क्यांवर आले. त्यानंतरच्या बिलात जुना दर दिसला तर दुरुस्त बिल घ्या.

आर्थिक आणीबाणी लागली तर कर्जमाफी होते का?

नाही. अनुच्छेद ३६० खाली ती आजवर एकदाही लागलेली नाही. त्यात पगारकपातीचे निर्देश देण्याची तरतूद आहे, कर्जमाफीची नाही.

महालेखापरीक्षकांच्या (कॅग) अहवालाचा गावाला उपयोग काय?

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक राष्ट्रपतींच्या अधिपत्रानं नेमले जातात, सहा वर्षं किंवा वयाच्या ६५ पर्यंत, आणि त्यांना काढणं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकं अवघड आहे. म्हणून त्यांच्या अहवालाला वजन असतं. राज्याचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात जातो. आपल्या धरणाचं, कालव्याचं नाव त्यात आलं असेल तर परिच्छेद क्रमांक अर्जात लिहा. ग्रामपंचायतीचं लेखापरीक्षण मात्र स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालय करतं. त्याची प्रत पंचायतीतच असते.

राष्ट्रपतींना पत्र लिहिलं तर काम होतं का?

पत्र संबंधित मंत्रालयाकडे किंवा राज्याकडे पाठवलं जातं, तिथून जिल्ह्यात आणि शेवटी ज्या टेबलावर काम अडलं आहे त्याच टेबलावर येतं. त्याऐवजी माहिती अधिकाराचा अर्ज थेट त्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ती ओलांडली की अर्ज परत येतो. "निधी का आला नाही" असं विचारू नका, कारण "का" ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. असं लिहा: "अमुक क्रमांकाच्या दि. ... च्या शासन निर्णयान्वये आमच्या ग्रामपंचायतीस वितरित रक्कम, वितरणाची तारीख आणि संबंधित आदेशाची प्रत द्यावी." तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत २० रुपयांच्या शुल्कासह पहिलं अपील, आणि त्याच्या निर्णयानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर किंवा अमरावती खंडपीठाकडे दुसरं. पोचपावतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.